आगाऊ माफी

तालुक्याच्या सामन्यांना माझ्या जोडीला पंच म्हणून एक सर असतात. भोकरदनकडच्या एका शाळेत पीटी शिकवतात. बास्केटबॉलचा सामना सुरू होण्याआधी दोन्ही संघांपुढं हात जोडून म्हणतात, "पोरींनो, माझ्या हातून एखादी चूक हुईल. आत्ताच माफी मागून ठेवतो." पंचानं अशी आगाऊ माफी मागणं मला बिलकुल पटत नसे. मी परीक्षा पास झालेला पंच. नियमांचं पुस्तक माझ्या खिशातच असतं.

यंदा फायनलला हसनाबादच्या पोरी एका गुणानं पुढं होत्या. शेवटचे तीन सेकंद उरले. बॉल घेतलेल्या समोरच्या संघातल्या पोरीचा पाय माझ्या पुढ्यातच मैदानाच्या कडेच्या लाइनीवर पडला, म्हणजे बॉल बाद. मला तो दिसला, पण माझी शिट्टी काही वाजली नाही. तिनं बास्केट केलं आणि हसनाबाद हरलं. झालं असं, की कोणीतरी मोबाइलवर शूटिंग करत होतं, म्हणून मी पोट आत ओढून धरलं होतं. श्वास रोखलेल्या माणसाला शिट्टी फुंकता येत नाही, हे माझ्या पुस्तकात कुठंच लिहिलेलं नाही.

हसनाबादची कॅप्टन रडत आली. मी पुस्तक काढलं. तेवढ्यात सर पलीकडून धावत आले.

"माय, मला तिकडून दिसलं न्हाई. मघाची माफी ह्याच्यासाठी धर."

"तुम्ही कशाला, सर? तुम्ही तर तिकडं व्हते," ती म्हणाली आणि माझ्याकडं बघत राहिली.

ती गेल्यावर सर माझ्या कानाशी आले. "सोडा मंग पोट आता, सर. शूटिंग बंद झाली."