बर्गनचं ऊन

आमच्याकडे उन्हाळ्यात गार पाणी लाल नळाला येतं. गच्चीवरची टाकी दिवसभर तापते, त्यामुळे निळा नळ सोडला की कढत पाणी. म्हणून गीझर बंद ठेवायचा. त्यातलं पाणी घरातल्या एसीने निवतं आणि लाल नळातून मिळतं. अबू धाबीच्या खलिफा सिटीत संसार थाटल्यापासून मे लागला की आमचे हात आपसूक लाल नळाकडे वळतात. नॉर्वेला पोहोचलो त्या दिवशी नवऱ्याचाही वळला.

बर्गनला माझी नणंद राहते. तिच्या बाथरूममधून त्याची किंकाळी ऐकू आली आणि मी हातातली बॅग टाकून धावले. धावण्याला कारण होतं. गेल्या उन्हाळ्यात मुसफ्फाच्या कारखानवस्तीत, वर्कशॉपच्या आवारात तो उभ्या उभ्या कोसळला होता. उष्माघात. पुढे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, डॉक्टरांनी खलास, म्हणजे संपलं, आता काळजी नको, असं सांगून टाकलं. शरीर बरं झालं, माणूस झाला नाही. उन्हाचा पट्टा दिसला तरी त्याचे तळहात घामेजायचे. कंपनीने त्याला आतल्या टेबलावर बसवलं. हिवाळ्यात अख्खं शहर समुद्रावर लोटतं, तेव्हाही हा सावली शोधत उभा. आणि हा रत्नागिरीच्या जेटीवर अनवाणी वाढलेला माणूस. मी समजावलं, चिडले, रडलेही. माझा पूर्वीचा नवरा आता काही परत येत नाही, असं मला खरंच वाटू लागलं होतं.

बाथरूमचं दार ढकललं तर हा पोळलेला हात निळ्या नळाखाली धरून हसत होता. किती महिन्यांनी ते हसू पाहिलं. मी मात्र आधी त्याला चांगलं झापलं.

नंतरचे दिवस नुसता पाऊस. त्या पावसात तो खुशाल हिंडला. मासळीबाजारात तर त्याने सवयीने एका माशाचे कल्ले उघडून बघितले आणि विकणाऱ्या पोरीने त्याच्याकडे असं पाहिलं की आम्ही मुकाट पुढे सरकलो. बरं वाटत होतं, पण ढग आहेत तोवरच हे कौतुक, हेही मला ठाऊक होतं.

मग एका सकाळी लख्ख ऊन पडलं. आम्ही दोघं एकदमच उठलो आणि खिडक्यांचे पडदे ओढून घेतले. आखातात ऊन आलं की हेच करतात. अंधार कशाने झाला म्हणून नणंद स्वयंपाकघरातून आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली.

"अरे, इथे ऊन पडलं की लोक ऑफिस सोडून पळतात, आणि तुम्ही पडदे ओढताय?"

तिने पडदे बाजूला सारले. आमची लेक बापाचा हात ओढू लागली. "पप्पा, कम ना. एव्हरीवन इज आऊटसाइड."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी जिभेला आवर घातला, जो मला सहसा जमत नाही. सांभाळून जा, एवढं जरी म्हटलं असतं तरी तो बसून राहिला असता. त्याने टोपी घातली आणि लेकीबरोबर निघाला.

जेवणं निवली तरी दोघांचा पत्ता नाही. फोन उचलत नव्हता. शेवटी मीच तळ्याकाठच्या बागेत गेले. हिरवळीवर माणसं सुकत घातलेल्या मासळीसारखी पसरली होती. त्यांतच मला तो दिसला. उताणा, हात दोन्हीकडे टाकलेले, टोपी बाजूला पडलेली, तोंडावर उघडं ऊन. मुसफ्फात तो असाच पडला होता, असं फोरमनने मला सांगितलं होतं. मी लोकांच्या चादरी तुडवत धावले. लेक शेजारी आइस्क्रीम खात बसली होती. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"ममा, श्श. ही इज स्नोरिंग."

खरंच घोरत होता. मी गवतात बसकण मारली आणि ओढणीत तोंड घालून मनसोक्त रडले. आजूबाजूचे गोरे काय म्हणतील याची पर्वा केली नाही. डोळे पुसल्यावर तीच ओढणी सवयीने त्याच्या तोंडावर धरायला गेले, पण हात मागे घेतला. लागू दे म्हटलं थोडं ऊन.

परतलो तेव्हा अबू धाबीत ऑगस्ट पेटला होता. विमानतळावर टॅक्सीची रांग बाहेर उन्हात होती. मी नेहमीसारखं म्हणाले, तू आत एसीत थांब, मी टॅक्सी दारापर्यंत आणते. काचेचं दार सरकलं आणि गरम वाफेचा लोट अंगावर आला. तो थबकला. दोन्ही तळहात त्याने पँटला पुसले आणि सामानाची ट्रॉली माझ्या हातून काढून घेतली.

"यल्ला, चल," तो म्हणाला, आणि माझ्या आधी बाहेर पडला.