टॉवेलाखालचं खोलीभाडं

आमच्या घरात सगळ्यात शहाणा माणूस मी. आठवीत शाळा सोडून थेट तमिळनाडूत सोनं गाळायच्या दुकानात गेलो. एवढ्या लांब गेलेला माणूस शहाणा असणारच!

म्हणून धाकट्या बहिणीला, सवितीला, सांगलीत नर्सिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा खोली शोधायचं काम माझ्यावर आलं. रजा काढून आलो. दोन दिवसांत अकरा खोल्या बघितल्या. भाडं सगळीकडं गेल्या सालाच्या दीडपट! एकानं तर जिन्याखालचा कोनाडा दाखवून ‘स्पेशल रूम’ म्हटलं. (उभं राहिलं की डोकं जिन्याला, बसलं की गुडघे दाराला. स्पेशलच की!) सोमवारपर्यंत खोली मिळाली नाही, तर सविती परत गावाकडं माणला, मेंढरांमागं. माझी शाळा सुटली ती सुटली, हिची सुटू नये म्हणून मी बारावं दार वाजवलं.

बारावी खोली पसंत पडली. मालक रिटायर मास्तर. भाडं सात हजार.

सोबत आमचे वडील, आबा, होते. त्यांचा जन्म गेला मेंढरं विकण्यात. मी दारातच बजावलं, “आबा, ह्ये शहर हाय. तुमी तोंड उघडू नका.”

“बरं.”

आबांनी शब्द पाळला. तोंड न उघडता खांद्यावरचा टॉवेल काढला, मास्तरांच्या हातावर टाकला आणि खालून त्यांची बोटं धरली!

“अहो, हे काय?” मास्तर ताडकन उठले.

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. (तिथं भाडं तरी नसतं!)

तेवढ्यात आतून मास्तरांच्या पत्नी, काकू, आल्या आणि पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. “आवं, बसा खाली! माझ्या माहेरी, कवठेमहांकाळच्या शेळ्यांच्या बाजारात, असाच सौदा हुतो. एक बोट म्हंजे एक हजार. दुसऱ्या कुणाला कळू द्यायचं न्हाई. दाबा की!”

मास्तर बसले. टॉवेल हलू लागला. आबा मान हलवतायत, मास्तर गुदगुल्यांनी खिदळतायत, काकू कडेनं ओरडतायत, “सोडू नका!”

एकाएकी आबांनी टॉवेल झटकला आणि ते उठले.

मोडला सौदा! सवितीचं तोंड एवढंसं झालं. मी मास्तरांचे पायच धरले. “मास्तर, आठ देतो! पण खोली द्या!”

लंगड्या मेंढराकडं गिऱ्हाईक बघतं, तसं आबांनी माझ्याकडं बघितलं.

“लेका, आता तोंड उघडू का?”

“व्हय…”

“पाचात मिटलं हुतं रं! मिटल्यावरच टॉवेल झटकत्यात!”

“मग वरचं तीन कशाचं?” काकूंनी विचारलं. “गुदगुल्यांचं?”

मास्तर डोळे पुसत म्हणाले, “पाचच द्या. इतकं मी नोकरीत कधी हसलो नव्हतो.”

सविती आता दुसऱ्या वर्षाला आहे. काकू तिला पोटच्या लेकीसारखं जेवू घालतात; त्या दोघांचे उपकार फिटायचे नाहीत. आणि मी रजेवर आलो की आबा कुठल्याही सौद्याला मला हौसेनं बरोबर नेतात. टॉवेलही तोच असतो. फक्त आता तो माझ्या तोंडावर बांधलेला असतो!