स्पेशल रूममधली सक्तमजुरी

डॉक्टरांनी एक्स-रेची प्लेट खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "प्लुरल इफ्यूजन." मी मान डोलावली. डॉक्टरांपुढे काही न कळता मान डोलावायची मला जुनी खोड आहे. मग त्यांनीच सांगितलं: फुप्फुस आणि बरगड्या यांच्यामध्ये पाणी साचलंय आणि मुळाशी बहुतेक क्षय आहे.

"दुखतंय कधीपासून?"

"महिनाभर. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत घोषणा देताना बरगडी भरली, साहेब."

"बरगडीला राजकारण कळत नाही," ते म्हणाले. "आजच ॲडमिट व्हा."

लालबागच्या आमच्या चाळीत मी ही भरलेली बरगडी महिनाभर मिरवली होती. हिंगाचा लेप लावून घेतला, बाम चोळला, शेजाऱ्यांकडून 'लढवय्या' म्हणवून घेतलं. तुम्ही हा शहाणपणा करू नका. श्वास घेताना कुशीत टोचत असेल आणि संध्याकाळी अंग कणकणत असेल, तर सरळ छाती दाखवून या.

परळच्या त्या इस्पितळात मला खालच्या मजल्यावरच्या जनरल वॉर्डात खाट मिळाली. दुसऱ्या दिवशी ॲस्पिरेशन झालं, म्हणजे पाठीतून जाड सुई घालून पाणी काढणं. जागा आधी बधिर करतात, घाबरण्यासारखं काही नसतं. मी सुई दिसताच घेरी येऊन पडलो, ते सोडा. पुढे रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. क्षयावरचं हे औषध कधी कधी कानांना बाधतं, म्हणून कानात काही वाजलं तर लगेच सांगा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

भेटीच्या वेळी वहिनी पेज घेऊन यायच्या. माझ्या थोरल्या भावाची, दादाची ही बायको. दादाला जाऊन दोन वर्षं होत आली होती. अशाच एका सभेहून आम्ही दोघं चालत परतत होतो. हिंदमाता सिनेमाजवळ एक मोटार फुटपाथवर चढली आणि दादाला घेऊन भिंतीवर आदळली. गाडी चालवणारा मोठा पुढारी, दारूबंदीवर व्याख्यानं देणारा. तो उतरला, तोंडाला भपकारा, आणि दादाला म्हणाला, "ऊठ रे, नाटकं पुरे झाली." आणि हसला. खोल, घोगरं, पोटातून येणारं हसू.

कोर्टात मी साक्ष दिली. उलटतपासणीत मोटार डाव्या हाताने आली की उजव्या, यात असा गोंधळ घातला, की आमच्याच वकिलांनी डोळे मिटून घेतले. तरीही जजसाहेबांनी त्याला दोन वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. अपीलही फेटाळलं गेलं. वहिनी त्या निकालावर जगत होत्या असं म्हटलं तर खोटं नाही. गिरणीकामगारांची खानावळ चालवताना, चुलीपाशी घाम पुसताना, त्या तुरुंगातला त्याचा दिवस मोजायच्या. माझ्या खाटेशी बसूनही तेच.

"आज काय उकडता, भावजी. खडी फोडून घामाघूम झालो असतलो मेलो."

ढग आले की त्यांना रुखरुख लागायची, त्याला सावली मिळेल म्हणून.

एका दुपारी मला ते हसू ऐकू आलं. छतातून, थेट माझ्या डोक्यावर पडल्यासारखं. मी डॉक्टरांना सांगितलं, "कानात वाजतंय."

"शिट्टीसारखं की घंटेसारखं?"

"पुढाऱ्यासारखं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, कानाशी चिमट्यासारखा स्वरकाटा वाजवून ऐकू येतं का ते तपासलं आणि इंजेक्शन दोन दिवस थांबवलं. हसू थांबलं नाही. जेवणानंतर, वामकुक्षीच्या वेळी, रोज. मी उशी कानांवर दाबून पडून राहायचो आणि दादा भिंतीपाशी दिसायचा. वहिनींना यातलं काही बोललो नाही.

मग एका सकाळी आयाने प्रत्येक खाटेवर दोन-दोन मोसंबी ठेवली. "वरच्या स्पेशल रूममधल्या साहेबांचा वाढदिवस आहे." वाढदिवसाला रुग्णांना फळं वाटायची पुढाऱ्यांची रीत आपल्याला ठाऊक आहे. मी दोन्ही मोसंबी तिथल्या तिथे खाल्ली आणि वर आयाला म्हटलं, "साहेबांना सांगा, शंभर वर्षं जगा म्हणावं."

भेटीच्या वेळी साहेब स्वतःच खाली आले. रेशमी सदरा, कपाळाला कुंकू, मागे टोपली धरून पहाऱ्यावरचा पोलीस शिपाई. एकेका खाटेपाशी हात जोडत चालले होते. तीन खाटा पलीकडून मी त्याला ओळखलं.

"वहिनी, जरा पाणी आणा."

"तांब्यो भरलेलो आसा."

"मग रिकामा करून आणा."

"भावजी, ताप चढलो काय तुमका?"

मी खोकून पाहिलं, डोळे फिरवून पाहिले. वहिनी माझ्या कपाळावर हात ठेवून वाकलेल्या असतानाच तो खाटेशी आला. माझी दाढी वाढलेली, हाडं वर आलेली, तेव्हा मला न ओळखणं मी माफ केलं असतं. पण वहिनी कोर्टाच्या प्रत्येक तारखेला त्याच्या समोरच्या बाकावर बसल्या होत्या.

"भाऊ का तुमचा?" त्याने त्यांच्या हातात मोसंबं ठेवलं. "होईल हो बरा. काळजी करू नका."

वहिनी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "साहेब, तुमका काय झाला?"

"ब्लडप्रेशर, बाई. जिवाला फार ताण झाला." तो हसला, तेच हसू, आणि पुढच्या खाटेकडे वळला.

वहिनींनी मोसंबं माझ्या उशाशी ठेवलं.

"भावजी, तेका आमची वळखपण ऱ्हवली नाय?"

त्यानंतर त्या उन्हातान्हाबद्दल कधीच बोलल्या नाहीत.

मी बरा होऊन घरी आलो. गोळ्या अजून चालू आहेत, आणि तापात मी बरळलेलं ऐकून घेणाऱ्या त्या डॉक्टरांचे आणि आयाचे उपकार मी विसरणार नाही. पण वहिनी मात्र खानावळीची भाजी चिरून ठेवून दुपारी बाहेर पडतच राहिल्या. देवळात जात असतील, असं मी धरून चाललो. माझे अंदाज नेहमी असेच असतात.

पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा जिना चढायचा दम आहे का पाहावं म्हणून सहज वर गेलो. स्पेशल रूमसमोरच्या बाकावर, हार घेऊन आलेल्या कार्यकर्त्यांमध्ये, वहिनी बसल्या होत्या. हात मांडीवर, नजर दारावर.

शिपाई मला बाजूला घेऊन म्हणाला, "रोज येतात. आधी वाटलं, कुणाची शिफारस पाहिजे असेल. साहेबही हात जोडायचे. मग एकदा त्यांनी विचारलं, ही बाई कोण. मी यांनाच विचारून साहेबांना सांगितलं, त्या अपघातात गेलेल्याची बायको. तेव्हापासून भेटीच्या वेळेत दार आतून बंद. पंखाही बंद पडलाय आतला, पण खिडकीसुद्धा उघडत नाहीत. तिथूनही बाक दिसतो ना."

घंटा झाली तशा वहिनी उठल्या. परळ नाक्यापर्यंत आम्ही चालत आलो. तिथे मी म्हटलं, "वहिनी, तिकडे रात्रपाळीचे लोक जेवायला ताटकळतात. असं किती दिवस जाणार?"

त्यांनी पदर नीट केला.

"जजसायबान दोन वर्सां सांगल्यान ना?"