कोंबड्यांची भाकरी

भांडुपच्या त्या चाळीत कुंदाला ‘कुंदा’ म्हणणारे थोडे, ‘जाडी’ म्हणणारेच फार. एकोणीस वर्षांची पोर, कामाला वाघ, हसली की गालावर खळी. पण ती खळी बघायला वेळ कोणाला! चेंबूरहून तिला बघायला आलेल्या मुलाची आत्या तर दोनदा पोहे मागून घेऊन म्हणाली, “मुलगी चांगली आहे हो, पण अंगानं जरा जास्तच.” त्या बशा विसळताना कुंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवशी तिनं खाणं तोडलं.

साल ब्याऐंशीचं. गिरण्यांचा संप आठ महिने चिघळलेला, वडील घरी बसून. अशा घरात मुलीनं ‘भूक नाही’ म्हटलं तर आई, जानकी, जीवच घेईल. म्हणून कुंदानं युक्ती काढली. आई नळावर गेली, की पानातली भाकरी ओढणीत गुंडाळायची आणि चाळीमागे द्रौपदीबाईंच्या कोंबड्यांपुढे टाकायची. मग दिवसभर डोकं गरगरायचं, उगाच रडू फुटायचं. पण ड्रेस बोटभर सैल झाला, की तिला हायसं वाटायचं.

आईचे उपासही त्याच दिवसांत वाढले. सोमवार होताच, त्यात गुरुवार आला, मग शनिवार. कुंदाला तिचा हेवाच वाटे. आईला कोणी ‘जेव’ म्हणून छळत नव्हतं.

एका बुधवारी कुंदा जेवायला बसते न बसते, तोच द्रौपदीबाई दारात. हातात दोन अंडी.

“जानकीबाई, ही घ्या. तुमची कुंदा रोज आख्खी भाकर घालते ना आमच्या कोंबड्यांना! तेव्हापासून झकास अंडी देतात बघा.”

जानकीनं अंडी घेतली. द्रौपदीबाई जाईपर्यंत हसून बोलली. मग दार लोटून मुलीसमोर बसली.

“भाकरी कडक झाली काय गो माझी?”

शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं कुंदाला वाटलं. तिनं नुसती मान हलवली. खाली घातलेली नजर भाकरीच्या टोपलीवर गेली. टोपली रिकामी होती. वडिलांचं जेवण झालं होतं, उरलेली एक भाकरी तिच्या पानात होती.

“आई, तू जेव.”

“आज माझो उपास आसा.”

“आज बुधवार आहे, आई.”

कुंदानं भाकरी मोडून अर्धी तिच्यासमोर सरकवली. नको नको म्हणत आईनं एक तुकडा उचलला, आणि मग थांबलीच नाही. चार घासांत भाकरी संपली. पानात पडलेला चुरासुद्धा ती ओल्या बोटानं टिपून खाऊ लागली, आणि कुंदाला वर बघवेना.