गेटवाल्याने केलेला गळपट्टा

मी गळपट्ट्याचं माप उभ्या माणसाचं घेतलं. चूक एवढीच.

बोरी बुद्रुकला माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, ग्रिल, ट्रॉलीचे फाळके, असली कामं. उसातल्या बिबट्यामुळे खुरपणीच्या बायांना रानात जायची भीती बसली होती. वाकलेलं माणूस त्याला शेळीएवढं दिसतं आणि तो धरतो ते मानेला. कुत्र्यांच्या गळ्यात आम्ही खिळ्यांचे पट्टे आधीपासून घालतो. आता बायांसाठी करायचे ठरले.

पिठाच्या गिरणीचा जुना पट्टा आणला. चौफेर खिळे बसवले, टोकं बाहेर, डोकी आत, आतून फोम. गेटवर भाले लावतो तशी ओळ सरळ आली. मग स्वतःच्या गळ्यात घालून आरशासमोर छाती काढून उभा राहिलो.

बायको म्हणाली, "शोभतंय. आता भुंका."

पहिला पट्टा हौसाकाकूंना दिला. भावकीतल्या. खुरपणीची टोळी त्यांची. आवाज असा, की बांधावरून बोलल्या तर पार ओढ्यापलीकडे ऐकू जायचं. संध्याकाळी त्या पट्टा हातात घेऊन दुकानात आल्या.

"संपत, आरं वाकलं की हनुवटीत घुसतंय हे. आन् गळा आवळतोय."

"सवय होईल काकू. हेल्मेटची पण आधी अडचणच वाटते."

"हेल्मेट घालून कोन कांदं खुरपतंय का रं?"

मी हसलो, वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढली आणि पुढचं गेट घेतलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी पट्टा बांधावरच्या लिंबाला अडकवला आणि वाकून कामाला लागल्या. बिबट्या उसातून निघाला तो थेट त्यांच्या मानेवर. बायांनी ओरडून, खुरपी मारून त्यांना सोडवलं. मी पोचलो तेव्हा काकूंना जीपमध्ये घालत होते. पट्टा लिंबालाच होता. एकही खिळा वाकला नव्हता.

काकू वाचल्या. आवाज गेला. नुसता श्वास निघतो. कान तोंडाशी नेला तर शब्द कळतात.

मग जे आधी करायला हवं होतं ते मी केलं. पट्टा घालून कांद्याच्या वाफ्यात खुरपायला बसलो. लगेच हनुवटीतून रक्त आलं. दुकानात येऊन पुढचे खिळे उपटले, तिथे मऊ चामडं लावलं. मागचा भाग कापून त्याचे तुकडे कड्यांनी जोडले, म्हणजे मान वळेल तसा पट्टा वळतो. हत्यारं तीच, हात तोच. फक्त माप या वेळी कामातल्या माणसाचं. वस्तू कशी दिसते हे आरसा सांगतो. ती चालते का, हे वापरणारा. आणि तो सांगत असताना तोंडावर काच ओढायची नसते.

नवा पट्टा घेऊन काकूंकडे गेलो. त्या खाटेवर भिंतीला टेकून होत्या. सून मंगल खुरपं घेऊन निघायच्या तयारीत. आता टोळीत तिला जावं लागतं. तिने पट्टा घातला, अंगणात बसून वाकून बघितलं, मान फिरवली.

"न्हाई टोचत."

मला जरा बरं वाटलं. तेवढ्यात काकूंनी हात केला. मंगलने पट्टा काढला आणि त्यांच्या तोंडाशी कान नेला.

"काय म्हणाल्या?"

मंगल माझ्याकडे न बघता बोलली, "आत्या म्हणत्यात, तू आपली गेटंच कर. गेटाला वाकावं लागत न्हाई."