प्रश्न सहावा: परत कधी जाणार?

माझी थोरली बहीण वसुमती सदुसष्ट साली विद्यापीठात समाजशास्त्र शिकत होती. माणसं गाव सोडून दुसरीकडे का जातात, हा तिचा विषय. दुसऱ्यांच्या घरात काय चाललंय ते मी विचारलं की भोचकपणा, अक्कानं विचारलं की संशोधन! तिनं आपला छापील फॉर्म आधी आमच्या वडिलांवर चालवून पाहिला. सहावा प्रश्न होता, 'मूळ गावी परत कधी जाणार?'

"आपलं घराणं इथं कानडी मुलुखात येऊन तीनशे वर्षं झाली," अण्णा म्हणाले. "अजून ठरलं नाही."

खरा अभ्यास होता जयनगरातल्या नव्या मराठी बायकांचा. नवऱ्यांच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीपायी त्या पुण्या-मुंबईहून आल्या होत्या. चाळीस घरं उन्हात कोण फिरणार? चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला सगळ्या एकत्र जमतातच. अक्कानं तिथंच एका बैठकीत चाळीस फॉर्म भरून घेतले, वर दोन वाट्या आंबेडाळही हाणली.

तिच्या हयवदन सरांनी फॉर्म चाळले. सहाव्या प्रश्नाला चाळीसजणींचं एकच उत्तर होतं, 'हे रिटायर झाल्याबरोबर.'

"शेजारीण ऐकत असताना दुसरं काय सांगतील?" सर म्हणाले. "एकेकीला एकटीला गाठा. एकीचं उत्तर दुसरीला कळता कामा नये. पंधरा दिवसांत खरी उत्तरं आणा, नाहीतर प्रबंधावर माझी सही नाही."

सही नाही म्हणजे वर्ष फुकट. अक्का मुकाट्यानं दारोदार हिंडली. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, पण त्या दिवसांत तिनं मलासुद्धा काही सांगितलं नाही. मला भारी राग आला होता.

शेवटचं घर हेमलतावहिनींचं. हळदीकुंकवाला पुण्याच्या नावानं सगळ्यात मोठा उसासा त्यांचाच होता. कोथिंबीर निवडता निवडता त्या हळूच म्हणाल्या, "लिही, परत जायचं नाही. इथं मी एकटी बाजारात जाते, भाजीवालीशी कानडीत भांडते. पण उपयोग काय? हे घर बांधायला साइट घ्यायची म्हणतायत, मी उद्या नको म्हणून सांगणार. बाकीच्या सगळ्या निघून जाणार. मी एकटी इथं कुणाशी बोलू गं?"

अक्कानं पेन खाली ठेवलं. एकोणचाळीस उत्तरं तिच्या पिशवीत होती.

"स्वल्प थांबा, वहिनी," ती म्हणाली आणि हातातला फॉर्म तिनं फाडून टाकला. "आता तुम्ही माझ्या अभ्यासात नाही. नावं सांगणार नाही, आकडा सांगते. एकोणचाळीस जणींतल्या एकतीस जणींना परत जायचं नाही. आणि प्रत्येकीला वाटतंय, आपण एकटीच अशी."

वहिनी पदर डोळ्यांना लावून हसत सुटल्या. "मेल्या सगळ्या खोटारड्या!"

अक्कानं सरांना घडलं ते सगळं सांगितलं आणि एकोणचाळीस फॉर्म पुढे ठेवले. सरांनी एकेक फॉर्म उलटून पाहिला. अखेर त्यांनी सही केली आणि विचारलं, "त्या बाईंनी साइट घेतली का?"

"घेतली, सर."

"मी उडुपीचा," सर म्हणाले. "इथं येऊन बावीस वर्षं झाली. रिटायर झालो की परत जायचं, असं आम्ही नवरा-बायको रोज एकमेकांना सांगतो." त्यांनी टेबलावरचा एक कोरा फॉर्म उचलला आणि घडी घालून खिशात ठेवला.