कादंबरी नावाचं वनोपज

आमच्या मामाजींसारख्या माणसाने पुस्तकांच्या धंद्यात पाऊल टाकू नये, असा कायदाच करायला हवा. तो झाला तर राजुऱ्याच्या चौकात मी स्वतः पेढे वाटीन. मामाजी म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. आलापल्लीच्या सरकारी लाकूड डेपोत त्यांनी जन्मभर कारकुनी केली, साग मोजता मोजता तीन कादंबऱ्या लिहिल्या, आणि जगातला प्रत्येक व्यवहार सागाच्या लिलावासारखाच होतो, अशी ठाम समजूत घेऊन ते निवृत्त झाले. डेपोत घेणाऱ्याने आधी यावं, ओंडक्याभोवती फिरावं, ठोकून पाहावं, मगच बोली बोलावी. म्हणून पुण्याच्या एका प्रकाशकाने ‘हस्तलिखित पाठवा’ असं कळवलं, तेव्हा मामाजींनी उलट टपाली उत्तर धाडलं, ‘माल जागेवर येऊन पाहावा.’ पुणेकर कशाला येतायत! आरमोरीचा एक लग्नपत्रिका छापणारा मात्र एसटीने आला, तीन दिवस अंगणात बसून अख्खी कादंबरी ऐकली, जेवला, रडला, आणि ती त्यालाच मिळाली. आजही ते गुलाबी, सोनेरी मुखपृष्ठ हातात घेतलं की कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखं वाटतं.

मुंबईच्या एका एजंटबाईंनी पुढे फोन केला, की तुमच्या वतीने सगळीकडे मी बोलेन, तुम्ही फक्त लिहा. दुसरा असता तर हुरळून गेला असता. मामाजी म्हणाले, “तेंदूपत्त्याच्या धंद्यात मधल्या मानसानं काय काय केलं ते मी जिंदगीभर पाह्यलं, बाई. तुमी जेवाले या. पन मधात नका बसू.” बाईंनी पुन्हा फोन केला नाही, आणि मामाजींना मात्र त्या जेवायला आल्या नाहीत याचं वाईट वाटत राहिलं.

मग एका फिल्म स्टुडिओचा फोन आला. त्यांना हवी होती तीच गुलाबी कादंबरी. आलापल्लीच्या पुढच्या एका गावातल्या खऱ्याखुऱ्या बुधरीबाईची आणि तिच्या धाकट्या भावाची ती गोष्ट. भाऊ मिरची तोडायला तेलंगणात जातो आणि कित्येक वर्षांनी एका संध्याकाळी घरी परत येतो. मामाजींना सिनेमाचं भारी वेड. आपलं जंगल, आपली नदी एकदा पडद्यावर दिसावी, ही त्यांची एकुलती एक हौस, आणि तीही ते लाजत लाजत सांगायचे. करारात ‘सर्व हक्क, कायमचे’ असं वाचून ते थबकले खरे. “जंगलात कोनताच ठेका हंगामाच्या वर नसते, जावईबापू,” असं पुटपुटले. पण मी समजावलं आणि ते कबूल झाले. मी पेन उघडून हातात दिलं, तर म्हणतात कसे, “मी एकटा कशी सही करू? गोष्ट गावच्या जंगलातून निघाली, म्हंजे वनोपज झालं. ते इकाचं तर ग्रामसभेचा ठराव पायजे.”

मी कपाळाला हात लावला. पण बुधरीबाईच्या गावचा बांबू ग्रामसभेच्या ठरावाशिवाय हलत नाही, आणि मामाजींच्या लेखी कादंबरी काही बांबूहून वेगळी नव्हती. ठरल्या दिवशी स्टुडिओचा माणूस नागपूरहून गाडी करून त्या गावात आला आणि मोहाच्या झाडाखाली सगळ्यांसोबत सतरंजीवर बसला. तिथली रीत अशी, की ठराव सगळ्यांच्या होकारानेच होतो. एकाने जरी नाही म्हटलं तरी विषय थांबतो. स्टुडिओवाल्याने गोष्ट झकास सांगितली, माना डोलू लागल्या. शेवटी तो उत्साहाने म्हणाला, “सिनेमात मात्र भाऊ परत येताना गोळीबारात मरतो. लोक रडले पाहिजेत ना!”

पुढेच बसलेल्या बुधरीबाईने विचारलं, “माहा भाऊ?”

मामाजींनी मान खाली घातली. तिचा भाऊ खरोखरीचा कधी आलाच नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं.

“बाबूनं आनलं त्याले पुस्तकात,” मामाजींकडे बोट दाखवून ती म्हणाली. “मी त्याले जेवाले वाढतो, वाचून दाखोलं मले बाबूनं. आन तुमी मारून राह्यले?”

“आजी, ही नुसती गोष्ट आहे हो.”

“गोष्टच हाये ना? मंग राहू द्या ना त्याले जिता.”

विषय थांबला. मामाजींनी सही न केलेला करार दोन्ही हातांनी परत केला. येताना बसमध्ये मी त्यांना नाही नाही ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “मले काय वाईट नाई वाटलं? लई वाटलं, जावईबापू. मले पाहाचा होता तो पिच्चर,” असं म्हणून त्यांनी उपरण्याने सरळ डोळे पुसले.

गेल्या वर्षी बुधरीबाई वारली. कुठून कुणास ठाऊक, स्टुडिओला ते कळलं आणि फोन आला. मी तेव्हा आलापल्लीतच, मामाजींच्या समोर बसलो होतो. आता कुणाची हरकत नसेल ना, असं तिकडून विचारलं असावं. मामाजी शांतपणे म्हणाले, “हरकत घेनारी गेली म्हून हरकत गेली काय जी? ते वापस घ्याले तिलेच यावं लागन.” त्यांनी फोन ठेवला. मग फळीवरचं पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि मला विचारलं, “तो घरी येते ते पान वाचू काय?”

माझी बस निघायची वेळ झाली होती. मी म्हटलं, वाचा.